अर्जात जात लिहू का?

ताई, नमस्कार.

मी चोवीस वर्षांची. आम्ही मूळचे नागपूरचे. मी तिसरीत असताना बाबांच्या नोकरीमुळे न्यू जर्सीत आलो. कॉलेज झाल्यापासून न्यूअर्कमध्ये भाडेकरूंच्या केसेस घेणाऱ्या एका संस्थेत पॅरालीगल (वकिलांची मदतनीस) म्हणून काम करते आणि या वर्षी लॉ स्कूलला अर्ज करतेय. एलसॅट ही प्रवेश परीक्षा झाली. पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जातला मुख्य निबंध, माझ्या कामाबद्दल आहे, तेही जवळजवळ तयार आहे. अडलंय ते डायव्हर्सिटी स्टेटमेंटपाशी, म्हणजे आपल्या वेगळ्या पार्श्वभूमीबद्दलच्या जोडनिबंधापाशी.

बाबांनी पैसे भरून एक कन्सल्टंट लावलाय. आम्ही दलित, बौद्ध आहोत हे कळल्यावर तो खूशच झाला. ‘हा अँगल सोन्यासारखा आहे, सगळं बाहेर काढ,’ म्हणाला. आई म्हणते, एक अक्षर लिहायचं नाही. इतकी वर्षं इथे कुणाला कळू दिलं नाही, आता कागदावर कशाला? मला दोघांचंही पटत नाही. लिहिलेलं वाचलं की वाटतं, मी काहीतरी विकायला बसलेय. माझ्यावर मोठा अन्याय वगैरे झालेला नाही. चांगली शाळा, स्वतःची खोली, सगळं मिळालं. मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी आडनावावरून खोदून खोदून विचारलं होतं, बस. बाबांच्या ऑफिसातले मराठी लोक जेवायला येणार असले की हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत जातो, पण त्याची आता सवय झालीये. मग लिहू कशाबद्दल? आणि इथल्या सुप्रीम कोर्टाने हे सगळं बंद केलंय ना? मसुदा सोबत जोडलाय.

(नाव छापू नये ही विनंती.)

* * *

तुझं पत्र तुझ्या मसुद्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. मसुद्यात पहिल्या परिच्छेदात तीन हजार वर्षांची जातव्यवस्था आहे, दुसऱ्यात मनुस्मृती, तिसऱ्यात बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबियात आलेले बाबासाहेब, आणि तू उगवतेस ती थेट शेवटच्या तीन ओळींत. अगं, बाबासाहेबांना कोलंबियाने १९१३ सालीच प्रवेश दिलाय. आता अर्ज तुझा आहे.

आधी कोर्टाचं सांगते, कारण त्यावरच बाकीचं अवलंबून आहे आणि त्याबद्दल आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाटेल ते फिरत असतं. २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. अर्जदार अमुक वंशाचा आहे एवढ्यावरून त्याला झुकतं माप देणं त्या निकालाने बंद झालं. पण सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्याच निकालपत्रात लिहून ठेवलंय, की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने निबंधात मांडलं तर ते विचारात घ्यायला विद्यापीठांना मनाई नाही. मात्र त्याचा संबंध त्या मुलाच्या किंवा मुलीच्या स्वभावगुणांशी, ती विद्यापीठाला काय देऊ शकेल याच्याशी जोडलेला हवा. लगोलग तंबीही आहे: जे उघड करता येत नाही ते निबंधाच्या आडून करू नका.

त्यानंतर जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय न्याय खात्याने सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांसाठी एक पत्रक काढलं. ‘डायव्हर्सिटी स्टेटमेंट’ किंवा ‘तुम्ही कोणते अडथळे पार केलेत ते लिहा’ अशा मागण्या वंशाला मागच्या दाराने आत घेण्यासाठी वापरल्या जात असतील तर ते बेकायदेशीर ठरू शकतं, असा त्याचा रोख आहे. पत्रक म्हणजे कायदा नव्हे, पण कॉलेजं धास्तावली आहेत. म्हणून निबंधांची नावं आणि प्रश्न बदलताना दिसतात. हार्वर्ड लॉ स्कूलने तर २०२३ च्या निकालानंतरच ‘स्टेटमेंट ऑफ पर्स्पेक्टिव्ह’ मागायला सुरुवात केली. हा सगळा ताप कॉलेजांना आहे, तुला नाही. स्वतःच्या आयुष्याबद्दल खरं लिहिणाऱ्या अर्जदाराला कुठलाही कायदा अडवत नाही. तू फक्त प्रत्येक कॉलेजचा प्रश्न शब्दन्‌शब्द वाच आणि त्याच प्रश्नाचं उत्तर लिही. एकच निबंध पंधरा ठिकाणी चिकटवलेला वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळतो.

आता कन्सल्टंटचा ‘अँगल’. त्याची, आणि थोडी तुझीही, गल्लत कुठे होते ते सांगते. आपल्याकडे राखीव जागांचा पाया ऐतिहासिक अन्याय हा आहे. एखाद्या समाजाला शतकानुशतकं नाकारलं गेलं, ते भरून काढायचं, ही राज्यघटनेची भूमिका. त्यामुळे दाखला लागतो, जात पडताळणी समिती लागते, आजोबांच्या शाळेचा उतारा शोधत तालुक्याला खेपा घालाव्या लागतात. अमेरिकेत प्रवेशाचा कायदा वेगळ्या वाटेने गेला. १९७८ च्या ‘बाकी’ (Bakke) नावाच्या खटल्यात, तो कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या मेडिकल कॉलेजचा होता, राखीव जागा रद्द झाल्या. न्यायमूर्ती पॉवेल यांनी समाजात झालेल्या अन्यायाची भरपाई हे कारण मान्य केलं नाही. त्यांनी मान्य केलं ते एवढंच, की वेगवेगळ्या अनुभवांची मुलं एका वर्गात बसली तर सगळ्यांचंच शिक्षण चांगलं होतं. २००३ मध्ये मिशिगन लॉ स्कूलच्या ग्रुटर खटल्यात कोर्टाने हाच धागा उचलला. पुढे २०२३ मध्ये त्या युक्तिवादालाही कात्री लागली, पण या निबंधाचा जन्म त्यातूनच झालेला आहे.

म्हणजे किती सोसलंस याचा हिशेब मागणं हा या निबंधाचा मूळ हेतू नव्हता. वर्गात तू बसलीस तर शेजारच्याला असं काय दिसेल, जे एरवी दिसलं नसतं, एवढंच त्यात विचारलंय. हे लक्षात घेतलंस तर ‘माझ्यावर मोठा अन्याय झालेला नाही’ ही तुझी अडचण उरतच नाही. आणि सगळं बाहेर काढ म्हणणारा तुला भलत्याच दुकानात पाठवतोय हेही दिसेल.

मसुद्यातलं एक वाक्य मी लाल पेनाने खोडलंय: ‘आमच्या कुटुंबाला समाजाने वाळीत टाकलं.’ हे कुणाचं वाक्य? तुझ्या पत्रात तर काकूंनी आडनाव विचारलं एवढंच आहे. ते मला मुळीच क्षुल्लक वाटत नाही. ‘म्हणजे मूळ गाव कुठलं? तिथे कुठल्या भागात?’ ही प्रश्नांची उतरंड कुठे जाऊन थांबते हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, विचारणारीलाही. पण ते वाळीत टाकणं नाही. एरवी हा फक्त लिखाणाचा दोष म्हणून सोडून दिला असता. इथे नाही सोडता येत. वकिलीची सनद मिळण्याआधी प्रत्येक राज्यात तुझ्या चारित्र्याची चौकशी होते आणि लॉ स्कूलच्या अर्जात तू काय सांगितलं होतंस ते तेव्हा पुन्हा समोर येऊ शकतं. जे घडलं नाही ते लिहू नकोस. कन्सल्टंटने लिहून दिलं असलं तरी सही तुझी असते.

मग लिहायचं काय? तू पत्रात ज्याला ‘सवय झालीये’ म्हणून बाजूला सारलंस, ते.

तो फोटो कोण काढतं? आई, बाबा की तू? पाहुणे यायच्या किती वेळ आधी? भिंतीवर खिळा तसाच राहतो की त्यावर दुसरं काही येतं, कॅलेंडर, निसर्गदृश्य? फोटो आत कुठे ठेवता, पलंगावर, कपाटात? पाहुणे गेल्यावर त्याच रात्री परत लागतो की सकाळी? तुला पहिल्यांदा कारण विचारावंसं वाटलं तेव्हा तू किती वर्षांची होतीस आणि उत्तर काय मिळालं? या प्रश्नांची उत्तरं आधी मराठीत, वहीत, कुणाला दाखवायचं नाही अशा बेताने लिहून काढ. निबंध इंग्रजीतच लिहायचाय, पण ही आठवण मराठीत घडलीय. ती आधी तिच्या भाषेत उतरू दे.

समजा, फोटो काढण्याचं काम तुझ्याकडे आहे. तर निबंधाची सुरुवात साधारण अशी होईल: ‘जेवायला कोण येणार यावर आमच्या हॉलमध्ये कुणाचा फोटो असेल ते ठरतं. तो उतरवायचं काम माझं.’ पुढचं वाक्य फोटो कुणाचा ते सांगणारं: भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, ज्यांना अस्पृश्य मानलं गेलं त्या समाजात ते जन्मले आणि आम्हीही त्याच समाजातले. संपली तुझी तीन हजार वर्षं. प्रवेश समितीतल्या माणसाला जात म्हणजे काय याची जुजबी माहिती असेल किंवा मुळीच नसेल. त्याला एका वाक्याची मदत पुरते. स्वतःची ओळख बौद्ध, दलित की आंबेडकरी अशी द्यायची, ते तू ठरव. ते कन्सल्टंटवर सोडू नकोस.

पण फोटोवरच थांबलीस तर तो एक चटका लावणारा प्रसंग होईल आणि वाचणारा हळहळून पुढचा अर्ज उघडेल. म्हणून फोटोवरून तुझ्या टेबलापाशी ये, न्यूअर्कला. तुझ्या कामात हे घडत असणारच: भाडेकरू नोटीस घेऊन येतो. करारावर नावं दोन, घरात माणसं पाच. ‘घरी कोण कोण राहतं?’ या पहिल्या प्रश्नाला तो दोनच माणसं सांगतो. नवशिका वकील म्हणेल, अशील खोटं बोलतोय. तुला तसं वाटतं का? मला नाही वाटत. समोरचा कोण आहे ते नीट कळेपर्यंत घरातली एखादी गोष्ट आत ठेवणं म्हणजे काय, हे तुला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. तू कदाचित तेव्हा प्रश्न बदलतेस, पेन खाली ठेवतेस, आपण विचारतोय ते कुणाच्या हाती जाणार नाही हे आधी सांगतेस. असं खरोखर कधी केलं असशील, तर तो एक प्रसंग, नाव-गाव न देता, फोटोच्या शेजारी ठेव. अर्जदार म्हणून तुझं वेगळेपण तिथे आहे. पर्सनल स्टेटमेंटही कामाबद्दलच आहे म्हणतेस, तेव्हा तोच अशील दोन्हीकडे येणार नाही एवढं बघ.

वर्गाला तुझ्याकडून काय मिळेल, याचं एक उदाहरण देते. बहुतेक लॉ स्कूलांत पहिल्या वर्षी प्रॉपर्टी, म्हणजे मालमत्तेचा कायदा, हा विषय असतो. त्यात १९४८ चा शेली विरुद्ध क्रेमर हा खटला बहुधा शिकवतातच. काळ्या माणसाला हे घर विकायचं नाही, अशा खाजगी करारांची अंमलबजावणी कोर्ट करून देणार नाही, हा त्यातला निकाल. पुढे १९६८ चा फेअर हाउसिंग कायदा येतो. त्याच्या संरक्षित यादीत वंश, रंग, धर्म, मूळ देश आहेत, पुढे लिंग, अपंगत्व, लहान मुलं असलेली कुटुंबं आली. जात नाही. सिॲटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराच्या भेदभावविरोधी कायद्यात जात घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसंच विधेयक मंजूर केलं, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. वंशपरंपरा वगैरे शब्दांत हे आधीच येतं, असं त्यांचं म्हणणं. येतं का खरंच? वर्गातल्या ऐंशी मुलांपैकी किती जणांना हा प्रश्न सुचेल? आणि तू हेही सांगू शकशील, की आपल्या सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण सोसायटीला सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवायची मुभा दिली. तिथे हवी तशी संघटना बनवण्याचं स्वातंत्र्य जिंकलं. दोन लोकशाह्या, एकच पेच, उलटी उत्तरं. (मुंबईत घर शोधलेल्या कुणालाही ‘नॉनव्हेज खाता का?’ या प्रश्नाबद्दल विचार. खटल्यात नसलेलं बरंच ऐकायला मिळेल.) हे सगळं निबंधात कोंबायचं नाही हं. एखादं वाक्य पुरे. पण ते वाक्य आलं की तू दयेचा विषय राहत नाहीस, वर्गात हात वर करणारी मुलगी होतेस.

आईबद्दल.

मी ज्या घरात वाढले तिथे पाहुणे येणार म्हणून भिंतीवरचा कुठलाच फोटो कधी हलवावा लागला नाही. त्यामुळे ‘आता घाबरायचं काय, अमेरिका आहे’ असं मी तुझ्या आईला सांगणार नाही, आणि तूही कृपा करून सांगू नकोस. तिने काहीतरी बघितलंय म्हणून ती हे म्हणतेय. शिवाय तो फोटो एकट्या तुझा नाही. आडनावाचा प्रश्न तुला विचारला गेला, तो तू हवा तसा लिही. पण घरात काय दडवलं जातं हे सांगणं म्हणजे आईबाबांचा निर्णय चारचौघांत मांडणं आहे. त्यांना आधी विचार. ‘परवानगी दे’ असं नको, ‘तू हे का करत होतीस, मला सांग’ असं विचार. त्या बोलण्यातून कदाचित निबंधाला हवा असलेला नेमका तपशील मिळेल, किंवा स्पष्ट नकार मिळेल. दोन्ही चालतील.

तिला धीर द्यायला व्यवहाराची माहितीही दे. अर्ज प्रवेश कार्यालयातले लोक वाचतात, काही ठिकाणी प्राध्यापकही वाचतात. तो कुठे छापून येत नाही, मंडळाच्या ग्रुपवर जात नाही. तरी स्वतःला एक प्रश्न विचारून ठेव. सप्टेंबरमध्ये वर्गात एखादा पुण्याचा किंवा हैदराबादचा मुलगा शेजारी येऊन बसला, बोलता बोलता जातीचा विषय निघाला, तर मला त्याच्याशी हे बोलायला जमेल का? जमेल, किंवा जमावं असं वाटतं, तर लिही. पोटात गोळा येत असेल तर या वर्षी लिहू नकोस. प्रवेशासाठी उघड होणं ही कुठल्याच कॉलेजची अट नाही.

आणि आईने नाही म्हटलं तर? मग फोटो सोडून दे. तिसरीत नागपूरहून आलेली, आईवडिलांची विम्याची आणि व्हिसाची पत्रं वाचून दाखवणारी मुलगी तू असशील, तर त्यातूनही न्यूअर्कच्या त्या टेबलापाशी येता येतं: कागद न कळणारा माणूस मान का डोलावतो, हे तुला कळतं. आणि निबंध ऐच्छिक असेल नि मनापासून काही सांगायचं नसेल, तर तो न जोडणं हाही निर्णयच आहे. पर्सनल स्टेटमेंटची पाणी घातलेली आवृत्ती जोडण्यापेक्षा मी ते पत्करेन.

लांबीचं थोडक्यात. कॉलेजने सांगितलं असेल तेवढंच; सांगितलं नसेल तर दुहेरी अंतराच्या एका पानात बसव. शेवटी ‘म्हणूनच मला न्यायासाठी लढायचं आहे’ असं वाक्य येऊ पाहील, ते येऊ देऊ नकोस. गांधी, मंडेला, बाबासाहेब, कुणाचंही अवतरण नको. आणि आपण किती साधे, किती कष्टाळू हे आपणच सांगायचं नाही. प्रसंग नीट लिहिलास तर ते दिसतं.

नवा मसुदा झाला की तो भारतीय नसलेल्या एखाद्या मैत्रिणीला दे, ऑफिसातली असली तर उत्तमच. ‘कसा वाटला?’ असं विचारू नकोस, ‘छान’ म्हणेल. असं विचार: ही मुलगी वर्गात कशाबद्दल बोलेल असं तुला वाटतं? तिने ‘तिच्यावर फार वाईट वेळ आली गं’ असं म्हटलं तर पुन्हा लिहायला बस. तिने भाडेकरूंबद्दल, प्रश्न कसा विचारावा याबद्दल किंवा कायद्याच्या यादीत काय नाही याबद्दल काही म्हटलं, तर पाठवून दे. बहुतेक कॉलेजं अर्ज येतील तसतसे वाचून जागा भरत जातात, तेव्हा मुदत फेब्रुवारीची असली तरी थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, आत पाठव.

कन्सल्टंटचे पैसे भरलेलेच आहेत. त्याला पर्सनल स्टेटमेंटमधले स्वल्पविराम तपासायला सांग.